चुकलास? झकास!

“पट्टी धर.”

कोकण रेल्वेच्या वीर स्टेशनच्या बाहेर, रिक्षांच्या रांगेसमोर उभा राहून एक म्हातारा गृहस्थ हे सांगत होता. पांढरा शर्ट, पांढरी पँट, पायांत आरशासारखे चकचकीत काळे बूट. हातात शाळेतल्या पोरांकडे असते तशी लाकडी फूटपट्टी उभी धरलेली. रिक्षावाल्यानं पट्टीच्या खालच्या टोकाशी अंगठा आणि तर्जनी उघडी ठेवायची. हे गृहस्थ काही न सांगता पट्टी सोडायचे. ती चिमटीत पकडायची. कितव्या आकड्यावर पकडली ते चष्मा कपाळावर चढवून ते वाचायचे.

“चोवीस. झोप झाली नाय काय रे?”

“काल लग्नाचं वऱ्हाड सोडलं काका, पहाटं घरी आलो.”

“मग आधी झोप जा. पुढचा ये.”

पुढचाही बावीसवर गेला. मी मागे उभी. उत्तरपत्रिकांचे दोन गठ्ठे हातात, डोक्यावर ऊन, आणि गाडीतले बाकीचे उतारू एव्हाना महाडच्या अर्ध्या वाटेवर पोचलेले. मी जरा चिडूनच म्हटलं, “आजोबा, तुम्हाला जायचंय की नाही?”

ते वळले. मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं आणि अगदी शांतपणे म्हणाले, “जायचं तर हायच मॅडम. पण पोचायचं पण हाय.”

तिसऱ्या रिक्षावाल्यानं सोळावर पट्टी पकडली. त्याची पाठ थोपटून ते म्हणाले, “बसा मॅडम. हा नेईल.” आणि त्यानं खरोखरच नीट नेलं.

पनवेलला लेकीकडे जाऊन परतताना ते हे दर खेपेला करायचे. नवे रिक्षावाले त्यांना वेडा समजायचे, जुने मुकाट्यानं बोट पुढे करायचे. एकदा एकानं चौदावर पट्टी पकडली होती. तो ती गोष्ट अजून सांगतो.

त्यांचं नाव मी लिहीत नाही. पोलादपूरपासून महाडपर्यंत त्यांना कुणी नावानं हाक मारलेली मी ऐकलीही नाही. सगळे हवालदारच म्हणायचे. पोलिसांतले नव्हेत, सैन्यातले. त्या दिवशी रिक्षात त्यांनी मला विचारलं, “काय शिकवता?”

“मानसशास्त्र. महाडला, कॉलेजात.”

“मग आपण एकाच धंद्यातले!” ते इतक्या आनंदानं म्हणाले, की रिक्षावाल्यानं मागे वळून पाहिलं. “तू पुढं बघ रे,” हवालदार म्हणाले.

मला ते जरा लागलंच. माझ्याकडे एम.ए.ची पदवी होती, आणि हा माणूस रिक्षावाल्यांना पट्ट्या पकडायला लावत होता. पण वाट पाऊण तासाची होती आणि त्यांना बोलायचं होतं. ते उतरले तेव्हा माझा राग उतरला होता.

सैन्यात ते आधी ट्रक चालवायचे. मग वाहनचालकांच्या शिक्षण केंद्रात एका खोलीत त्यांची नेमणूक झाली, आणि नोकरीची शेवटची सगळी वर्षं त्यांनी त्या खोलीत काढली. चालक व्हायला आलेल्या प्रत्येक जवानाला ट्रकला हात लावायच्या आधी या खोलीत बसावं लागे. पहिल्यांदा कागदावरची चाचणी. आकृत्या, बाण, आठवणीत ठेवायच्या खुणा. मग यंत्र. एक खुर्ची, समोर स्टिअरिंग, पायांशी दोन पेडल, लाल-हिरवे दिवे आणि पुढ्यात सरकत जाणारा एक चित्रातला रस्ता. स्टिअरिंगनं फिरणारा काटा रस्त्याबाहेर गेला की बझर वाजायचा आणि चूक मोजली जायची.

“डोळा, डोकं, हात, पाय,” हवालदार म्हणाले, “या चौघांची आपसात बोलणी हायत का नाय, एवढंच बघायचं. काही जणांच्यात चौघं धडधाकट असतात, पण भाऊबंदकी असते.”

मी वर्गात हाच भाग दोन तास शिकवत असे. त्यानंतर मी हे वाक्य वापरू लागले.

आठवड्याभरात ते कॉलेजात हजर झाले. आमच्या प्रयोगशाळेत एक कपाट होतं, त्यातली उपकरणं वर्षातून एकदा परीक्षेच्या वेळी बाहेर निघत. प्रतिक्रियेचा वेळ मोजायची पेटी, हाताची स्थिरता पाहायची भोकांची पाटी, आरशात बघून चांदणी गिरवायचा फळा. त्यांनी एकेक वस्तू हातात घेतली, पुसली, कानाशी नेऊन हलवली. बहुतेक बंद होत्या. “हत्यार असं ठेवतात काय, मॅडम?” एवढंच म्हणाले. दुसऱ्या दिवशी डबा, स्क्रू-ड्रायव्हर आणि सोल्डरची कांडी घेऊन आले. मग दर मंगळवारी येऊ लागले. पगार नाही, पद नाही. हजेरीपटावर शिपायानं त्यांचं नाव उगाच पेन्सिलनं लिहिलं होतं.

माझी मुलं त्यांच्यावर जीव टाकायची. भोकांच्या पाटीत काडी घालताना ती कडेला लागली की बझर वाजतो. मूल दचकलं, की हवालदार टेबलावर थाप मारायचे. “चुकलास? झकास! आता पुढं काय करतोस ते बघू.”

आधी मला वाटलं, हा धीर द्यायचा प्रकार असेल. मग एकदा त्यांनी उलगडून सांगितलं.

“यंत्र चुका मोजतं. चुकल्यावर माणूस काय करतो ते यंत्राला दिसत नाय. ते बघायला मला बसवलेला. एक जण चुकला की स्टिअरिंगला शिवी द्यायचा. एक जण माझ्याकडं बघायचा, मी पाहिलं का म्हणून, आणि तेवढ्यात आणखी चार वेळा रस्ता सोडायचा. एक नागालँडचा पोरगा होता. चुकला, हसला, आणि पुढचं वळण लोण्यासारखं काढलं. आकड्यात तो काठावर होता. मी साहेबांना म्हटलं, हा घ्या. साहेबांनी माझं ऐकलं. पुढं त्यानं बक्षिसं मिळवली गाडी चालवण्याची.”

आणि ज्यांना घेतलं नाही ते? मी विचारलं.

“त्यांना मी पाणी द्यायचो. सांगायचो, तू वाईट नायस रे, गाडी तुझी नाय. फौजेत सतरा कामं हायत.”

त्यांचा सख्खा पुतण्याही त्या केंद्रात आला होता. हवालदारांनी त्या दिवशी खोलीचा ताबा दुसऱ्याकडे दिला आणि स्वतः बाहेर व्हरांड्यात उभे राहिले. पुतण्या नापास झाला. गावाकडून भावाचा निरोप आला, एक आकडा बदलायला काय जात होतं तुझं? दोन वर्षं भावकीनं बोलणं टाकलं, गणपतीत हवालदारांच्या पत्नी, म्हणजे काकी, एकट्या पडल्या.

“मी भावाला एवढंच लिहिलं, त्या आकड्याच्या मागं ट्रकात वीस जवान बसलेले असतात.”

“मग?”

“मग काय! पोरगा बिनतारी संदेशाच्या कामात गेला, तिथं चमकला, सुभेदार झाला. माझ्यापेक्षा वर. दिवाळीला घरी आला की मलाच त्याला सलाम ठोकायला लागतो.” आणि ते इतके हसले, की डोळ्यांतून पाणी आलं.

नितीन आला तो अशाच एका मंगळवारी. पोलादपूरच्या वरच्या अंगाला हवालदारांचं गाव आहे, त्याच्या पलीकडच्या वाडीतला. तिशीच्या आतबाहेरचा, सैन्यात चालक, रजेवर आलेला. हवालदार घरी नाहीत म्हणून त्यांना शोधत थेट प्रयोगशाळेत पोचला आणि दारातच उभा राहिला.

उत्तरेकडे कुठंतरी बर्फावरून त्याचा ट्रक घसरला होता. शेजारी बसलेल्या साथीदाराचा पाय मोडला. चौकशीत नितीनची चूक निघाली नाही, साथीदारही पुढे बरा झाला. पण त्यानंतर नितीन ट्रकात बसला की काहीतरी अचानक वाजलं, हॉर्न, दगड, काहीही, तरी त्याचे पाय थिजायचे. हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. त्यानं स्वतःच वरिष्ठांना जाऊन सांगितलं. त्याला भांडारात बसवलं, आणि त्यानं एकदा पुन्हा चाचणी द्यायची परवानगी मागितली. ती मिळाली होती. रजा संपली की हजर व्हायचं, चाचणी द्यायची. पास झाला तर गाडी, नाही तर कायमचं भांडार.

“काका, तुम्ही त्या खोलीत होता म्हणून आलो,” तो म्हणाला. “तिथं काय असतं, कसं करायचं...”

हवालदारांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. “परीक्षा फोडायला आलास काय रे माझ्याकडं? फौजी हायस ना? चल, नीघ.”

नितीन हलला नाही. खाली मान घालून म्हणाला, “मला पास नाय व्हायचं काका. मला गाडी चालवायचीय. असे थिजणारे पाय घेऊन पास झालो, तर मागं बसलेल्यांचं काय?”

हवालदारांनी एक स्टूल ओढलं.

“बस,” ते म्हणाले. “हात पुढं कर.”

परीक्षेतलं ते काहीही सांगणार नव्हते, आणि शेवटपर्यंत सांगितलं नाही. तिथल्या यंत्राची नक्कलही करायची नाही असं त्यांनी ठरवलं. आम्ही आमचं वेगळंच यंत्र केलं. औद्योगिक वसाहतीतून भंगारात निघालेला एक निळा प्लास्टिकचा पिंप मिळाला. तो तीनदा धुतला, तरी आठवडाभर प्रयोगशाळेत कसल्यातरी औषधाचा वास येत होता. पिंप आडवा बसवून त्याला शिलाई मशीनची मोटर लावली. त्याच्यावर कापड ताणलं आणि माझ्या विद्यार्थिनींनी त्यावर रस्ता रंगवला. स्टिअरिंग एका गॅरेजवाल्यानं मोडीत काढलेल्या जीपचं दिलं. बझरची जोडणी भौतिकशास्त्राच्या सरांनी केली. प्राचार्यांना मी ‘विद्यार्थी प्रकल्प’ असा अर्ज दिला. त्यांनी पिंप पाहिला, माझ्याकडे पाहिलं आणि सही केली. पास-नापासाची रेषा किती चुकांवर ओढायची, ते हवालदारांनी बऱ्याच जणांना बसवून, विचार करून ठरवलं आणि भिंतीवरच्या कागदावर लाल शाईनं लिहिलं.

नितीन पहिल्यांदा बसला तेव्हा मी थक्क झाले. हात इतके मऊ, नजर इतकी पुढची, की पिंपावरचा रस्ता जणू त्याच्या हातातूनच निघत होता. तीन मिनिटं एकही चूक नाही. मग एका अरुंद वळणावर काटा बाहेर गेला, बझर वाजला, आणि त्याचे दोन्ही पाय जिथं होते तिथं लाकूड झाले. काटा भरकटत गेला, बझर वाजतच राहिला. घामानं शर्ट भिजला. तो उठून खिडकीपाशी जाऊन उभा राहिला.

“चुकलास? झकास,” हवालदार हळूच म्हणाले. “आजार सापडला. बझरचा हाय, गाडीचा नाय.”

त्या दिवसापासून दोघं रोज येऊ लागले. दुसऱ्या दिवशी हवालदारांनी त्याला वेगळंच काम दिलं. “आज दहा चुका करायच्या. मुद्दाम. एक पण कमी चालणार नाय. आणि प्रत्येक चुकीनंतर पुढचं वळण काढायचं.”

माझ्या पुस्तकांत याला मोठी नावं आहेत. भीतीच्या जागी माणसाला थोडंथोडं, पुन्हापुन्हा नेऊन बसवायचं. हवालदारांनी ती पुस्तकं वाचली नव्हती. मी नावं सांगितली तेव्हा म्हणाले, “असं काय! छान हाय नाव.”

पण गंमत अशी, की नितीनला मुद्दाम चुकता येईना. सैन्यात दहा वर्षं काढलेला माणूस. काटा रस्त्याच्या कडेला नेला की हात आपोआप आत वळायचे. मुली हसू दाबायच्या. “अरे चुक की!” हवालदार ओरडायचे. “एवढं सोपं काम जमत नाय?” शेवटी एकदाचा चुकला. पाय थिजले, पण मोजून चार सेकंदांनी सुटले. सहाव्या चुकीला तीन सेकंद. मी तक्ता करत होते. दोन आठवड्यांत तो एका सेकंदावर आला होता, आणि आम्ही सगळे जरा हुरळून गेलो होतो.

तिसऱ्या आठवड्यात नितीन यायचा बंद झाला.

चुलतभावाची भाजीची पिकअप घेऊन तो कुणाला न सांगता आंबेनळी घाट चढला होता. एका वळणावर समोरून एसटी आली, ड्रायव्हरनं हॉर्न दिला, आणि नितीनची पिकअप भर वळणात उभी राहिली. कुणाला काही झालं नाही. पण मागे गाड्यांची रांग लागली, माणसं उतरून बघायला आली. शेवटी एसटीच्या ड्रायव्हरनं खाली उतरून, नितीनला बाजूला सरकवून पिकअप कडेला लावली. सैन्यातल्या चालकाची ही गत. तो घाट पायी उतरून घरी आला होता.

आम्ही दोघं त्याच्या घरी गेलो तेव्हा तो परसात लाकडं फोडत होता. आईनं पाणी दिलं आणि आत गेली.

“काका, मी भांडारातच बरा,” तो म्हणाला. कुऱ्हाड थांबवली नाही.

मला वाटलं, आता हवालदार काहीतरी जोरकस बोलतील. ते म्हणाले, “उद्या ये. माझी चाचणी घ्यायचीय. मॅडमना एकटीला जमणार नाय.”

“तुमची?”

“मी जीप चालवतो की नाय? सगळ्यांच्या घेतल्या, माझी घ्यायची राहिली.”

दुसऱ्या दिवशी ते खुर्चीत बसले. बूट जुळवले, पाठ ताठ. मी घड्याळ दाबलं. नितीन भिंतीशी उभा होता.

पहिलं वळण त्यांनी सुरेख काढलं. दुसऱ्यावर काटा बाहेर गेला. ते सावरले. मग पुन्हा. त्यांची नजर वळण वेळेवर पकडत होती, हात मात्र अर्ध्या क्षणानं मागून पोचत होते, आणि तो अर्धा क्षण कुठून भरून आणायचा हे त्यांना कळत नव्हतं. बझर वाजत राहिला. एकाही चुकीला ते थांबले नाहीत, कपाळाला आठी नाही, पण चुका साचत गेल्या. वेळ संपली. पिंप थांबला.

“किती?”

मी आकडा सांगितला. भिंतीवरची लाल रेषा केव्हाच ओलांडली होती.

“वयाचा विचार केला तर...” मी सुरुवात केली.

“रस्ता वय विचारतो काय मॅडम?”

तुम्हाला वाटेल, त्यांनी मुद्दाम केलं. नितीनलाही तसंच वाटलं असावं, कारण त्यानं माझ्याकडे पाहिलं. पण तक्ता माझ्या हातात होता, आणि खोटं चुकणाऱ्याच्या चुका कशा पडतात हे मी तोवर शिकले होते. त्या खऱ्या होत्या.

हवालदार खुर्चीतून उठले. खिशातून जीपची किल्ली काढली. ती जीप त्यांनी निवृत्तीच्या पैशांतून घेतली होती, रोज सकाळी ते ती बैल धुवावा तशी धुवायचे. क्षणभर किल्ली मुठीत धरली. मग ती नितीनच्या हातात ठेवली.

“नापास,” ते म्हणाले. “झकास. आता पुढं काय करायचं ते बघू. मला रोज महाडला यायचं असतं, काकीला बाजार असतो. मी आता डाव्या बाजूला बसणार. तू चालव.”

“काका, माझे पाय...”

“माझे हात उशिरा पोचतात, तुझे पाय थिजतात. तुझे सुटतात पण. माझे आता लवकर व्हायचे नायत. मग कुणी चालवायची, सांग?”

नितीननं किल्ली मुठीत मिटली आणि जीपकडे निघाला.

त्या दिवशी गावापर्यंतचा अर्ध्या तासाचा रस्ता त्यांना सव्वा तास लागला. काकी दारात काळजीत उभ्या होत्या असं पुढे कळलं. दुसऱ्या दिवशी पाऊण तास. मग रोज सकाळी कॉलेजच्या फाटकातून जीप आत यायची, डावीकडून हवालदार उतरायचे आणि मला म्हणायचे, “आज दोन चुका. दोन्ही झकास.” पिकअपवाले, एमआयडीसीतली पाळी सुटून घाईनं निघालेले मोटारसायकलवाले, वळणावरच्या म्हशी, सगळ्यांनी आपापल्या परीनं नितीनची परीक्षा घेतली. फौजी माणसानं बाजाराच्या पिशव्या वाहिल्या, गॅसची टाकी आणली, काकींना मैत्रिणीकडे हळदीकुंकवाला सोडलं. एकदा हवालदारांनी मागच्या सीटवर त्याला न सांगता वाडीतला एक पोरगा बसवला होता, पिपाणी घेऊन. ऐन उतारावर ती वाजली. जीप जरा हलली, आणि पुढे गेली. “काका, हे बरं नाय,” नितीन म्हणाला. हवालदार खिडकीबाहेर बघत होते.

रजेच्या शेवटच्या रविवारी नितीनच म्हणाला, “आंबेनळी करू.” मी मागे बसले होते, त्यामुळे हे ऐकीव नाही. त्याच वळणावर समोरून एसटी आली. ड्रायव्हर वेगळा होता, हॉर्न तोच. नितीन दचकला, गिअर चुकीचा पडला, इंजिन गुरगुरलं. नितीननं गिअर बदलला, एसटीला हातानं वाट दिली, तिच्या अंगाला अंग चाटून जीप वर काढली. वरच्या सपाटीवर पोचल्यावर त्यानं गाडी थांबवली, खाली उतरला आणि कठड्याशी उभा राहून मोठ्यानं ओरडला. नुसताच ओरडला, शब्द नव्हते. दरीतून ते परत आलं. मग हवालदारही उतरले आणि त्याच्या शेजारी उभे राहून ओरडले. मी शिक्षिका असल्यामुळे जरा मागे राहून ओरडले.

तो वीरहून गेला आणि आम्ही वाट पाहू लागलो. मंगळवार आला, दुसरा मंगळवार आला. हवालदार उपकरणं पुसायचे, पुसलेलीच पुन्हा पुसायचे. तिसऱ्या मंगळवारी भर तासाला त्यांचा फोन वाजला. त्यांनी तो स्पीकरवर टाकला, कारण त्यांना एरवीही तो कानाला लावून ऐकू यायचा नाही. सगळी मुलं भोवती जमली.

“काका, नितीन बोलतोय.”

“चुकलास का?” हवालदारांनी विचारलं. पहिलाच प्रश्न.

“चुकलो काका. तीनदा.”

“मग?”

“मग पुढं गेलो. पहिल्या बझरला मला हसू आलं. साहेबांनी विचारलं, काय झालं? मी म्हटलं, झकास, साहेब.” पलीकडे ट्रकचा हॉर्न वाजला, तो बोलतच राहिला. “पास, काका. मशीनवर पास, नंतर रस्त्यावर पास. आज सकाळी गाडी दिली मला. माझ्या नावावर.”

वर्गात जो आरडाओरडा झाला त्यानं शेजारच्या वर्गातले सर धावत आले. मुली नाचत होत्या, कुणीतरी बझर दाबून धरला होता. हवालदार मात्र हात वर करून सगळ्यांना गप्प करत होते. त्यांना अजून एक विचारायचं होतं.

“कितव्या क्रमांकाची गाडी? ब्रेक तपासलेस?”

“तपासले, काका.”

“शाबास,” ते म्हणाले, आणि मग त्यांना फोन बंद करायचं बटण सापडेना, कारण डोळे भरले होते.

त्या संध्याकाळी महाडच्या बाजारात त्यांनी ओळखीच्या, अनोळखी सगळ्यांना पेढे वाटले. कुणी विचारलं, नातू झाला का, तर म्हणायचे, “नाय, ट्रक.”

हवालदार गेले त्याला आता दोन पावसाळे झाले. फार दुखणं नाही, आठवडाभर ताप आणि मग गेले. नितीन तेव्हा गाड्यांच्या ताफ्यासह कुठंतरी डोंगरात होता, त्याला चार दिवसांनी कळलं. निळा पिंप अजून प्रयोगशाळेत आहे. माझ्या विद्यार्थिनींपैकी एक जण आता पुण्याला हाच विषय घेऊन पुढचं शिकते, आणि चालकांच्या चाचण्यांवर काम करायचं म्हणते.

पण मला ते आठवतात ते त्यांच्या शेवटच्या वर्षातल्या एका दुपारचे. महाडला त्यांच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. नितीन नेमका रजेवर होता. आम्ही त्यांना दवाखान्यातून घरी नेत होतो. हवालदार डावीकडे, एका डोळ्यावर हिरवी पट्टी, मागे काकी आणि मी. पोलादपूर मागे पडलं, चढ लागला. वळणामागून वळण निघत होतं.

काकींनी माझ्या हाताला हात लावला आणि पुढे खूण केली. हवालदारांची मान खांद्यावर कलली होती. तोंड जरासं उघडं. बारीक घोरत होते.

“बघितलंत?” काकी माझ्या कानाशी म्हणाल्या. “लग्नाला एवढी वर्षं झाली. रेल्वे म्हणा, एसटी म्हणा, जीप म्हणा, चालत्या गाडीत यांचा डोळा लागलेला मी आज पहिल्यांदा बघतेय. कुणी पण चालवत असो, यांचा पाय आपला हवेत ब्रेक दाबतोय.”

मी पाहिलं. पाय सैल होते. त्यांचे ते चकचकीत बूट, जीपच्या प्रत्येक हेलकाव्याबरोबर डुलत होते.

नितीननंही आरशातून पाहिलं होतं. पुढच्या वळणावर त्यानं गिअर असा बदलला, की आवाजच आला नाही.

घर आलं. अंगणाच्या तोंडाशी वेग कमी झाला, तशा काकी पुढे वाकल्या, “थांब रे, उठवते मी.”

“नको काकी,” नितीन कुजबुजला, “झोपू दे. अजून एक फेरी मारतो.”

आणि त्यानं जीप हळूच वळवली.